फाल्गुन-चैत्रातील आठवड्याचा हवामान अंदाज : वाचावा कसा, वापरावा कसा

(चिखली येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 व्याख्यानाच्या दिवशी मी त्या आठवड्याचे हवामान पत्रक वाचून दाखविले होते. हा मजकूर छापून आपल्या हाती पडेपर्यंत तो आठवडा निघून गेलेला असेल. शिळ्या भाकरीचा निदान कुस्करा तरी होतो, शिळ्या अंदाजाचे काहीच होत नाही. म्हणून त्या दिवशीचे आकडे येथे गाळले आहेत आणि असे पत्रक हाती आले म्हणजे त्याचा अर्थ कसा लावावा, एवढेच ठेवले आहे.

सुरुवातीलाच मागच्या रांगेतून एका काकांनी विचारले, "साहेब, मागच्या वर्षी मोबाईलवर पिवळा इशारा आला. मी हरभऱ्याची मळणी थांबवली. पाऊस तर आलाच नाही, पण थ्रेशरवाला दुसऱ्या गावाला निघून गेला, तो आठ दिवसांनी उगवला. आता तुमचं ऐकायचं की नाही?" सभेत हशा पिकला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी काकांना म्हटले, उत्तर शेवटी देतो, तोवर उठून जाऊ नका.

आपल्या भागात या दिवसांतील आभाळ काय करू शकते हे नव्याने सांगावयास नको. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारपीट होत राहिली. एखाद्या दिवसाचे संकट नव्हते ते. आज या तालुक्यात, उद्या त्या तालुक्यात, असे जवळजवळ तीन आठवडे चालले. त्यानंतर ११ फेब्रुवारी २०१८ चा रविवार. बुलडाणा, जालना आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्या दिवशी गारा पडल्या आणि उभा गहू, घाट्यावर आलेला हरभरा, फळबागा झोडपून निघाल्या. कित्येकांचे पीक अर्ध्या तासात गेले. शेजारच्या शिवारात मात्र थेंबही नव्हता. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण अंदाज वाचण्याची किल्ली तिच्यातच आहे.

गारा जुलैत का पडत नाहीत?

पावसाळ्यात एवढा पाऊस पडतो, पण गारा क्वचितच दिसतात. कारण असे आहे. मार्च-एप्रिलमध्ये जमीन तापलेली असते. बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून बाष्प घेऊन वारा आला की जमिनीलगतची हवा उष्ण आणि दमट होते. त्याच वेळी उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ सरकत असेल तर उंचावर थंड व कोरडी हवा येऊन बसते. खाली हलकी गरम हवा, वर जड थंड हवा, ही रचना टिकत नाही. खालची हवा जोराने वर उसळते आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास बघता बघता ढगांचे मनोरे उभे राहतात. या ढगात पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवरूपच असतात. बर्फाच्या बारीक कणाला ते चिकटतात व गोठतात. वर जाणारा हवेचा झोत जितका जोरदार, तितका वेळ हा कण ढगात तरंगत राहतो व वाढत जातो. वजन झोताला पेलेनासे झाले की गार खाली येते. जुलैत हवा वरपर्यंत दमट असते, गोठणपातळीही उंच असते व वरच्या थंड कोरड्या हवेचा जोर नसतो. म्हणून पाऊस खूप, पण गारा नाहीत.

आता आपल्या चिखलीपुरते बघू. आपण घाटावरचे लोक. खामगाव, मलकापूर घाटाखाली. तेथील उन्हाळा आपल्यापेक्षा काही अंशांनी कडक असतो. पत्रकात मात्र बुलडाणा जिल्ह्याचा आकडा एकच असतो. तेव्हा कमाल तापमान वाचताना हा फरक मनात धरावा. दुसरे असे की, हवामान खात्याच्या हिशेबात बुलडाणा जिल्हा विदर्भात आणि शेजारचा जालना मराठवाड्यात. ढगाला ही हद्द ठाऊक नाही. या दिवसांत खालचा बाष्पाचा वारा बहुधा दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून येतो, परंतु उंचावरचा वारा पश्चिमेकडचा असतो आणि वाढलेला ढग सरकतो तो वरच्या वाऱ्याच्या दिशेने. म्हणजे आपल्याकडे येणारे वादळ बहुतेक वेळा भोकरदन, जाफ्राबादच्या बाजूने येते. म्हणून चिखली तालुक्यातील शेतकऱ्याने विदर्भाच्या इशाऱ्याबरोबर मराठवाड्याचा, विशेषतः जालना जिल्ह्याचा इशाराही पाहावा. दुपारी जाफ्राबादकडे आभाळ काळे होऊन गडगडू लागले, तर आपल्या हातात फार तर तास-दीड तास आहे असे समजावे.

नागपूरला हवामान खात्याचे डॉप्लर रडार आहे, मग ते आपल्याला अचूक का सांगत नाही, असेही एका तरुण मित्राने विचारले. चिखली तेथून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर आहे. रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वी मात्र गोल आहे. त्यामुळे एवढ्या अंतरावर तो किरण जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचावरून जातो. त्याला उंच ढगाचा माथा दिसतो, पायथ्याशी काय चालले आहे ते दिसत नाही.

पत्रकातील शब्द

पत्रक वाचताना सर्वांत जास्त घोटाळा होतो तो साध्या शब्दांत. "तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता" हे वाक्य आपण रोज ऐकतो. तुरळक म्हणजे थोडा पाऊस, असा समज आहे. तो बरोबर नाही. हा शब्द पाऊस किती पडेल हे सांगत नाही, किती जागी पडेल हे सांगतो. त्या विभागातील पावसाच्या नोंद केंद्रांपैकी एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला की तुरळक ठिकाणी म्हणतात. चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त ते निम्म्यापर्यंत असेल तर काही ठिकाणी, निम्म्याच्या वर तीन चतुर्थांशापर्यंत अनेक ठिकाणी, आणि त्याच्याही वर गेले तर बहुतांश ठिकाणी. ज्या तुरळक ठिकाणी तो पडेल, तेथे चांगला सडकून पडू शकतो. "तुरळक ठिकाणी गारपीट" याचा सरळ अर्थ असा की बहुसंख्य गावांत गार पडणार नाही, पण ज्या थोड्या गावांत पडेल ती कोणती हे दोन दिवस आधी कोणीही सांगू शकत नाही. आपल्या गावी पडली नाही म्हणून अंदाज चुकला असे होत नाही. शेजारच्या गावच्या पाहुण्याला फोन करून विचारा.

पावसाच्या मिलिमीटरच्या आकड्याचेही तसेच. पत्रकात एखाद्या दिवसासमोर ५ मि.मी. लिहिले असेल तर ती मोठ्या क्षेत्राची सरासरी असते. मृगानंतरच्या पावसात ही सरासरी बरीच खरी उतरते. चैत्रातील वळवाच्या पावसात मात्र एका शिवारात ३० मि.मी. आणि पलीकडे शून्य, आणि साऱ्या क्षेत्राची मिळून सरासरी ५. म्हणून या दिवसांत आकड्यापेक्षा पत्रकाच्या इतर रकाने पाहावेत. ढगाळपणा आठ भागांत मोजतात. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती झाकलेले असतील तो आकडा. तो १-२ वरून ५-६ वर चढत असेल, सायंकाळची आर्द्रता वाढत असेल आणि वाऱ्याची दिशा वायव्येकडून आग्नेयेकडे फिरत असेल, तर पावसाच्या रकान्यात शून्य असले तरी सावध राहावे. वाऱ्याचा वेग हा दिवसाचा सर्वसाधारण वेग असतो. वादळातील झोत त्यात येत नाही. तो इशाऱ्यात वेगळा लिहितात, "ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा" असा. गव्हाला पाणी देण्याआधी ही ओळ वाचलीच पाहिजे.

रंगांबद्दल थोडक्यात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे ताबडतोब हालचाल करा. पिवळ्या रंगाला काम बंद करा असे कोणी म्हटलेले नाही, हे काकांसाठी आताच सांगून ठेवतो.

कोणता अंदाज कोणत्या कामाला

सर्व अंदाज सारखे नसतात. हवामान खाते दर गुरुवारी पुढील आठवड्यांचा विस्तारित अंदाज देते. त्यातून येता आठवडा नेहमीपेक्षा उष्ण की थंड, कोरडा की ओला, एवढा कल कळतो. हार्वेस्टर किंवा थ्रेशर कधी सांगून ठेवावा, मजूर कोणत्या आठवड्यात लावावेत, कांद्याचे शेवटचे पाणी कधी तोडावे, याला तो पुरे. त्यावरून अमुक दिवशी अमुक तास ठरवू नये. दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला पत्रक निघते, त्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. आपल्या भागासाठी ते काम अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात चालते. मध्यंतरी जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रांतून अशी पत्रके निघू लागली होती, ती जिल्हा केंद्रे २०२४ च्या सुरुवातीला बंद करण्यात आली. माझ्या मते ते बरे झाले नाही. घाटावरचे आणि घाटाखालचे वेगळे करून सांगणारा माणूस जिल्ह्यातच बसलेला असावा लागतो.

फवारणी, सोंगणी, पाणी हे निर्णय या पाच दिवसांच्या पत्रकावर घ्यावेत. त्यातही पहिले दोन दिवस अधिक भरवशाचे, चौथा-पाचवा दिवस कमी. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे जिल्हावार रंगीत इशारे रोज निघतात, ते रोज सकाळी पाहावेत. शेवटी दोन-तीन तासांपुरता तातडीचा इशारा येतो. त्यावर पीक सोंगून होत नाही. त्यावर सुडी झाकावी, जनावरे गोठ्यात घ्यावीत आणि माणसांना शेतातून घरी आणावे. विजेसाठी 'दामिनी' आणि सल्ल्यासाठी 'मेघदूत' ही दोन मोबाईल ॲप घरातील मुलांकडून उतरवून घ्यावीत.

आपल्या जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी होते. अक्षय तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाचे भाकीत सांगतात. हजारो शेतकरी श्रद्धेने जमतात, त्यांच्या श्रद्धेला हात लावण्याचा माझा हेतू नाही. फक्त वर्षाच्या भाकितावर परवाची सोंगणी ठरवू नये, एवढीच विनंती.

हिशेब झाकण्याचा

आता मुख्य मुद्दा. अंदाज खात्रीचा नाही, तर त्यावर पैसा खर्च करावा का? याचे उत्तर भावनेवर न सोडता हिशेबाने काढावे. समजा एक एकर हरभरा सोंगून शेतात पसरलेला आहे. ७ क्विंटल माल धरू, भाव सोयीसाठी ५,५०० रुपये धरू. एकूण ३८,५०० रुपये. पसरलेला हरभरा भिजला तर दाणा काळा पडतो, घाटे फुटतात, कोंब येतात. सारेच जात नाही, पण निम्मे नुकसान धरले तर १९,२५० रुपये झाले. तोच हरभरा गोळा करून, उंचवट्यावर सुडी लावून, ताडपत्रीने झाकून दोर बांधण्यास मजुरीसह १,५०० रुपये लागतात असे समजा. १९,२५० भागिले १,५०० म्हणजे जवळपास तेरा. याचा अर्थ, तेरा वेळा झाकले आणि बारा वेळा पाऊस आलाच नाही, तरी आपण बरोबरीत आहोत. पाऊस येण्याची शक्यता तेरात एक यापेक्षा जास्त असेल तर झाकणे फायद्याचे. पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशीही ही शक्यता बहुधा त्याहून जास्त असते. आकडे आपापल्या शेताचे घालावेत, रीत तीच.

हाच हिशेब दुसरीकडे उलटा पडतो. गारपिटीच्या धास्तीने चिकावर असलेला गहू कापला तर दाणा आकसतो आणि नुकसान शंभर टक्के ठरलेले. तुरळक ठिकाणच्या गारेसाठी खात्रीचे नुकसान पत्करू नये. दाणा पक्व झाला आहे, दाताखाली कट्ट वाजतो आहे, पण हार्वेस्टर स्वस्त मिळेल म्हणून थांबलो, तर मात्र आपण जुगार खेळतो आहोत. जे तयार आहे ते आधी उचलावे, जे तयार नाही ते देवावर सोडावे.

कांदा बीजोत्पादनाविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण आपल्या घाटावर ते बरेच आहे आणि एकरी गुंतवणूकही मोठी आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत आभाळ राहिले की दोन बाजूंनी मार बसतो. मधमाशा कमी फिरतात म्हणून बी कमी भरते, आणि पानांवर व दांड्यांवर करपा वाढतो. पत्रकात सलग दोन-तीन दिवस ढगाळ हवामान व सकाळची आर्द्रता जास्त दिसली तर करप्यासाठी शिफारशीत बुरशीनाशक चिकट द्रव्यासह आधीच फवारावे. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळावे. फवारणे भागच असेल तर मधमाशा परतल्यावर संध्याकाळी, आणि वारा ताशी १०-१२ किलोमीटरपेक्षा कमी असताना. वादळी वाऱ्याचा इशारा असेल तर पाणी देऊ नये. ओल्या जमिनीत जड गोंड्याचे दांडे लगेच आडवे होतात. गोंडे पक्व होताना त्यांतील काळे बी दिसू लागते. सर्व गोंडे एकदम तयार होत नाहीत, म्हणून तोडणी दोन-तीन टप्प्यांत करतात. इशारा आला तर काळे बी दिसत असलेले गोंडे त्या दिवशी सकाळी तोडून छपराखाली पातळ पसरावेत. हिरवे गोंडे घाबरून तोडू नयेत, त्यांचे बी उगवत नाही. तोडलेले गोंडे ताडपत्रीखाली ढीग करून ठेवणेही तितकेच वाईट. आत वाफ धरते, बुरशी येते, आणि पावसाने न केलेले नुकसान आपणच करतो.

खाण्याचा रब्बी कांदा काढणीला आला असेल तर अंदाज पाहूनच उपटावा. उपटलेला कांदा शेतात तीन-चार दिवस पातीने झाकून सुकवावा लागतो, तेवढे कोरडे दिवस पत्रकात दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील आणि माना नुकत्याच पडू लागल्या असतील, तर तो जमिनीतच ठेवावा, पाणी बंद करावे. उन्हाळी मूग, भुईमूग यांना हलक्या वळवाने फारसे बिघडत नाही. एक मि.मी. पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी, तेवढी एक पाळी पुढे ढकलता येते.

शेडनेटवाल्यांनी इशाऱ्याच्या दिवशी ताण दिलेल्या तारा, खिळे आणि बाजूचे पडदे सकाळीच तपासावेत. गारा जाळीवर साचल्या तर त्यांचे वजन सांगाड्याला पेलत नाही. मात्र वीज कडाडत असताना लोखंडी सांगाड्याखाली जाऊन गारा झटकण्याचे धाडस करू नये. जाळी पुन्हा बसवता येते. झाडाखाली आसरा घेणे, ट्रॅक्टरवर बसून राहणे, विहिरीच्या मोटारीचा खटका बंद करायला धावणे, हेही नको. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी घराबाहेर पडू नये.

विम्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारले. पूर्वी कापून पसरलेल्या पिकाचे नुकसान झाल्यास ७२ तासांत कळविण्याची सोय विम्यात होती. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातून येणाऱ्या उत्पन्नावर ठरते. म्हणजे मंडळातील सरासरी चांगली आली आणि एकट्या आपल्या शेतावर गारा पडल्या, तर विम्यातून हाती काही येईलच असे नाही. शासकीय मदतीसाठी पंचनामा वेगळा असतो, तो मागून घ्यावाच. परंतु आता सुडीवरच्या ताडपत्रीची किंमत पूर्वीपेक्षा वाढली आहे, ती या कारणाने. अटी दर हंगामात बदलतात, तेव्हा पेरणीच्या वेळीच वाचाव्यात.

राहिले काका. काकांची चूक इशारा ऐकण्यात नव्हती. हरभरा आधीच सोंगून सुडीत होता, पिवळा इशारा होता, थ्रेशर दारात उभा होता. अशा वेळी मळणी थांबवायची नाही, उरकायची. सकाळी लवकर सुरू करायची, दुपारी तीनच्या आत यंत्र बंद करायचे, निघालेले दाणे पोत्यांत भरून घरात न्यायचे आणि उरलेली सुडी झाकायची. दाणा थोडा दमट वाटला तर नंतर दोन उन्हे द्यायची. मी असे सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हणजे इशाऱ्यानं काम थांबवायचं नाही, लवकर करायचं." मी म्हटले, काका, माझे पाऊण तासाचे व्याख्यान तुम्ही एका ओळीत सांगितलेत. त्यावर त्यांनी पुढचे विचारले, आणि ते जास्त अडचणीचे होते. गावात थ्रेशर दोनच, इशारा सर्वांना एकाच दिवशी येतो, मग पहिला नंबर कोणाचा? याला हवामानशास्त्रात उत्तर नाही. तेथे जमलेल्यांपैकी तीन गावच्या मंडळींनी ज्याची सुडी सखल जागी त्याची मळणी आधी, असे आपसात ठरविले आणि थ्रेशरवाल्याला तसे कळविण्याचे काम काकांवर सोपविले.